दार उघडे ठेवणाऱ्यांचा इतिहास

हदीसच्या संग्रहांत मदिनेतील हबीबा बिन्ते सहल यांची हकिकत येते. पैगंबर (स.) फजरच्या नमाजसाठी घराबाहेर पडले, तेव्हा अंधारात एक स्त्री त्यांच्या दाराशी उभी होती. साबित बिन कैस यांची ती पत्नी. या हकिकतीच्या एका पाठात मारहाणीचा स्पष्ट उल्लेख आहे. पैगंबरांनी तिचे म्हणणे ऐकले, साबित यांना बोलावले, तिने मेहर परत करण्याची तयारी दाखवली आणि ती आपल्या माणसांकडे निघून गेली. फिकहच्या ग्रंथांत ही हकिकत 'खुला'च्या प्रकरणात सांगितली जाते. मेहर किती, परत केव्हा करायची, इद्दत किती, याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली आहे. आम्हाला मात्र त्या दाराविषयी बोलायचे आहे. पहाटेच्या अंधारात कुठे जायचे हे हबीबा यांना ठाऊक होते आणि त्या दारात त्यांना कोणी 'सब्र कर, परत जा' असे सांगितले नाही.

घरात मार खाणाऱ्या स्त्रीचा इतिहास आपण बहुधा कायद्यांच्या तारखांनी लिहितो. अमुक साली अमुक कायदा, तमुक साली तमुक निकाल. तारखा खऱ्या आहेत, पण त्यांनी निम्मीच गोष्ट कळते. कायदा दिवसा चालतो, मारहाण रात्री होते. त्या रात्री ती मुलांना घेऊन जाणार कुठे, या प्रश्नाचे उत्तर कोणी कोणी आणि कसे दिले, त्याचाच हा शोध आहे. ही दारे उघडी ठेवणाऱ्या संस्था कशा उभ्या राहिल्या आणि त्या चालवणाऱ्यांना कोणत्या पेचांतून जावे लागले, हे आपल्या वाचकांपुढे यावे असे आम्हाला वाटते.

विधवेला घर मिळाले

महाराष्ट्रात निराधार स्त्रीसाठी घर काढण्याची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात नेले. महर्षी कर्व्यांचे काम त्यानंतरचे. ही सारी घरे मुख्यत्वे विधवांसाठी होती. तिचा नवरा मेला आहे, तिला घर उरलेले नाही, म्हणून समाजातील काही भल्या माणसांनी तिला घर दिले. त्यासाठी त्यांनी शिव्याशाप सोसले.

परंतु जिचा नवरा जिवंत आहे तिचे काय? तिला तर घर आहे, असे सगळे म्हणणार. ते घरच तिच्या जिवावर उठले आहे, हे मान्य करायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. मुंबईत 'बापनु घर'सारखा एखादा अपवाद होता. बापाचे घर हे त्याचे नावच बोलके आहे. एरवी नवऱ्याने मारलेली बाई माहेरी जाई, माहेरचे चार दिवसांनी समजूत घालून तिला परत पोचवत, आणि जमातीचे पंच 'पुन्हा असे होणार नाही' असे तिच्या नवऱ्याकडून वदवून घेत. पंचांच्या वहीत प्रकरण मिटलेले असे. तिच्या अंगावर ते मिटलेले नसे.

कागदावरचे दार

आपल्या समाजापुरते बोलायचे तर कायद्याने एक दार फार लवकर उघडले होते. १९३० च्या आसपास पंजाबात काही मुस्लिम स्त्रिया छळातून सुटण्यासाठी धर्म सोडत असल्याचे आढळले. त्या काळी लागू असलेल्या हनफी मतानुसार पत्नीला न्यायालयाकडून निकाह रद्द करून घेणे जवळजवळ अशक्य होते. थोर आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि मालिकी मताचा आधार घेता येईल असे दाखवले. १९३६ मध्ये काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमात क्रूरतेची व्याख्या आहे. ती प्रत्येकाने एकदा वाचावी. वारंवार मारहाण तर आहेच, पण अंगाला हात न लावता केवळ वागणुकीने आयुष्य असह्य करणे हीसुद्धा क्रूरताच, असे तिथे म्हटले आहे. पत्नीची मालमत्ता परस्पर विकणे, तिला तिच्या मालमत्तेपासून रोखणे, तिला धर्माचरण करू न देणे, एकाहून अधिक पत्नी असताना न्यायाने न वागणे, हेही त्यात आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण देशभर लागू झाले ते १९७६ च्या दुरुस्तीनंतर. मानसिक आणि आर्थिक छळाला घरगुती हिंसा म्हणणारा सर्वांसाठीचा कायदा आला २००५ मध्ये, म्हणजे सहासष्ट वर्षांनी. इतके पुढचे पाऊल आपल्या उलेमांच्या आणि विधिमंडळातील मुस्लिम सभासदांच्या पुढाकाराने पडले होते. आज त्याचा उल्लेख मुशायऱ्यात होत नाही, जलशात होत नाही आणि निकाहच्या खुतब्यानंतरच्या बयानातही होत नाही.

मग या कायद्याने आपल्या वस्त्यांतली मारहाण का थांबली नाही? कारण त्याने दार कागदावर उघडले. न्यायालयापर्यंत तिला नेणारे, वकिलाची फी भरणारे, निकाल लागेपर्यंतची दोन-चार वर्षे तिला आणि तिच्या मुलांना ठेवून घेणारे कोणी नव्हते.

रस्त्यावर आलेला प्रश्न

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. त्या सातजणींची गणती आज इतिहासात होते. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि १९७१ मध्ये तिथेच मुस्लिम महिलांची परिषद भरली. मंडळाच्या सर्व मतांशी आपल्यापैकी सर्वजण सहमत नव्हते आणि आजही नाहीत. पण तलाक दिलेल्या, टाकून दिलेल्या बायका मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या दारी येत राहिल्या आणि त्यांच्या अर्जांवर, पोटगीवर, मुलांच्या शाळेवर ही माणसे वर्षानुवर्षे खपली, हे त्यांच्या टीकाकारांनीही नाकारू नये. सय्यदभाईंनी आपल्या आत्मकथनाला 'दगडावरची पेरणी' हे नाव दिले, त्यामागे हीच वर्षे आहेत.

१९८५ साली २३ एप्रिलला शाहबानो प्रकरणाचा निकाल लागला आणि सारा देश तलाक आणि पोटगी यांवर बोलू लागला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. इंदूरच्या शाहबानो यांना तलाक दिला गेला १९७८ मध्ये. घराबाहेर काढले गेले होते ते त्याआधी तीन वर्षे, १९७५ मध्ये, त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. आज आपण त्याला घरगुती हिंसा म्हणू. उच्च न्यायालयाने ठरवलेली १७९ रुपये २० पैशांची दरमहा रक्कम सर्वांच्या तोंडी होती. साठीच्या त्या बाईने ती तीन वर्षे कोणाच्या छपराखाली काढली, हा प्रश्न ना निकालाच्या समर्थकांनी फारसा विचारला, ना विरोधकांनी. नोव्हेंबरात मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला, त्याला ठिकठिकाणी विरोध झाला. पुढच्या वर्षी संसदेने नवा कायदा केला. त्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लागायला २००१ चा दानियल लतीफी निकाल यावा लागला. पाठोपाठ २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण प्रकरणात सांगितले की, 'मी आधीच तलाक दिला आहे' असे कैफियतीत लिहून चालणार नाही. तलाकमागे कारण होते आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे नवऱ्याने सिद्ध केले पाहिजे. मध्यस्थांची ही वाट कुरआननेच दाखवलेली आहे.

बिऱ्हाडातून संस्थेकडे

दरम्यान मुंबईत वेगळ्या तऱ्हेचे काम उभे राहत होते. मथुरा बलात्कार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये स्त्रियांचा एक मंच स्थापन झाला. तो पुढे स्त्रीअत्याचारविरोधी मंच म्हणून ओळखला गेला. मोर्चासाठी जमलेल्या या स्त्रियांकडे बघता बघता घरात मार खाणाऱ्या बायका येऊ लागल्या. त्यांना ठेवायचे कुठे? सभासदांनी आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत त्यांना ठेवून घेतले. या धडपडीतूनच मुंबईत 'विमेन्स सेंटर' निघाले. तिथे आलेल्या एका स्त्रीने, फ्लेविया ॲग्नेस यांनी, आपल्या संसारातील मारहाणीची कहाणी स्वतःच्या नावाने लिहून प्रसिद्ध केली. पुढे वकील होऊन त्यांनी इतर स्त्रियांचे खटले चालवणारी 'मजलिस' ही संस्था उभी केली.

२५ डिसेंबर १९८३ पासून दंड संहितेत कलम ४९८ अ आले आणि सासरचा छळ हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. गुन्हा ठरला तरी चौकीवर जाणाऱ्या बाईला 'घरचा मामला आहे' हेच उत्तर मिळे. म्हणून १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. खाकी वर्दीच्या आवारात साध्या कपड्यातली प्रशिक्षित समाजसेविका बसू लागली. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

दुसरे दार रुग्णालयात उघडले. 'मोरीत पाय घसरला' असे सांगणारी बाई डॉक्टरांकडे सर्वात आधी पोचते. पोलिसांकडे ती कदाचित कधीच जाणार नाही. हे ओळखून नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संशोधन संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढले. केसपेपर लिहिणारी परिचारिका जखमेचा आकार पाहून योग्य तो प्रश्न विचारायला शिकली. बाहेरची संस्था निघून गेल्यावरही काम चालावे, म्हणून ते पालिकेच्याच कर्मचाऱ्यांच्या हाती देण्याचे ठरले होते. तसे झाले आणि नंतर शहरातील आणखी रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली.

दोन उंबरठ्यांवर उभ्या बायका

आपल्या वस्त्यांतील कामाला आणखी एक पदर होता. तोंडी तलाकचा अनुभव घेतलेल्या शहनाज शेख यांनी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९८७ मध्ये त्यांनी इतर स्त्रियांसह मुंबईत 'आवाज-ए-निस्वाँ' सुरू केली. पुढे हसीना खान यांनी हे काम दीर्घकाळ सांभाळले. इथे येणाऱ्या बाईशी तिच्याच भाषेत बोलणारे कोणी होते. मेहर काय, इद्दत काय, निकाहनाम्यात काय लिहिले आहे, हे तिला बाहेरच्या कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ची दंगल आली. श्रीकृष्ण आयोगाने नऊशे मृत्यूंची नोंद केली, त्यातील पाचशे पंचाहत्तर मुस्लिम होते. कुटुंबेच्या कुटुंबे मुंब्र्याकडे गेली. नंतरच्या धरपकडीत टाडाखाली पोरे उचलली गेली. ज्या चौकीच्या नावाने मोहल्ला थरथरतो, त्या चौकीवर नवऱ्याविरुद्ध फिर्याद घेऊन कोणत्या तोंडाने जायचे? मार खाणाऱ्या बाईला सगळे सांगू लागले, आधीच आपल्यावर इतकी संकटे, त्यात तू घरचे उणे बाहेर काढू नकोस. शेजारची खाला सांगे, मशिदीतले बुजुर्ग सांगत. सांगणाऱ्यांच्या मनात नेहमी वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची भीती खरी होती. परंतु त्या भीतीचे हप्ते एकटी ती बाई भरत होती.

दुसऱ्या बाजूला अशीही मंडळी होती, की ज्यांना आमच्या बहिणींच्या जखमा फार आवडत. दंगलीत तिचे घर जळाले तेव्हा ती माणसे दिसली नाहीत. तलाकचा विषय निघाला की मात्र तिच्या कणवेने त्यांचा कंठ दाटून येई. अशा संस्था चालवणाऱ्या स्त्रियांना या दोन्ही उंबरठ्यांवर एकाच वेळी उभे राहावे लागले. समाजाच्या नावाने बाईचे तोंड बंद करू द्यायचे नाही आणि बाईच्या नावाने समाजाला झोडपू द्यायचे नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक अवैध ठरवला. त्या लढ्यात उतरलेल्या बेबाक कलेक्टिवसारख्या गटानेच २०१९ च्या कायद्यातील नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाच्या तरतुदीला विरोध केला. काहींना हे विसंगत वाटले. आम्हाला त्यात मोठी सुसंगती दिसते. नवरा आत गेला तर त्या महिन्याचे घरभाडे कोण देणार, हे केसची वही सांभाळणाऱ्यांना ठाऊक असते.

हा पेच आपल्या एकट्याचा नाही. जिथे जिथे अल्पसंख्य समाज दबावाखाली राहतो, तिथे तिथे तो येतो. लंडनच्या साउथॉल भागात वंशद्वेषी हल्ल्यांनी वातावरण पेटले असतानाच, १९७९ मध्ये, आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संस्था काढली. गोऱ्यांपुढे आपल्या घरातले उघडे पाडता, हा आरोप त्यांनीही सोसला. दहा वर्षे मार खाऊन अखेर १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवून देणाऱ्या किरणजीत अहलुवालिया यांना जन्मठेप झाली, तेव्हा याच संस्थेने त्यांची बाजू लावून धरली आणि १९९२ मध्ये त्या सुटल्या. वंशद्वेषाविरुद्धच्या निदर्शनांतही याच स्त्रिया होत्या.

भाडे, पगार आणि जकात

स्त्रियांचे घरगुती हिंसेपासून संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. सामायिक घरात राहण्याचा हक्क त्याने तिला दिला. त्याच्या दहाव्या कलमाकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेला राज्य सरकारकडे सेवा पुरवठादार म्हणून नाव नोंदवता येते. मग ती घटनेचा अहवाल नोंदवू शकते, बाईची वैद्यकीय तपासणी करवू शकते, तिला निवाऱ्यात पोचवू शकते, आणि सद्‌भावाने केलेल्या या कामाबद्दल संस्थेवर खटला चालत नाही. सभासदांच्या खोल्यांत जे चोरून चालत होते, त्याला कायद्याने मान्यता दिली.

पण मान्यतेने भाडे भरले जात नाही. अशा संस्थेच्या प्रमुख स्त्रीचा दिवस भाषणात जात नाही. पहिली चिंता जागेची, कारण निवाऱ्याचा पत्ता गुप्त राहिला पाहिजे आणि आपल्या वस्तीत गुप्त काही राहत नाही. दुसरी चिंता समुपदेशिकेची. दिवसाला चार-पाच जणींचे दुःख ऐकणारी मुलगी दोन वर्षांत थकते आणि तिला सुट्टी, वेळेवर पगार आणि तिचे ऐकणारे माणूस द्यावे लागते. तिसरी चिंता नवऱ्याच्या भावांची, जे रात्री येऊन दार ठोठावतात. चौथी मुलांची, कारण बाई येते तेव्हा एकटी येत नाही. शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड तर सासरीच राहिलेले असते. पाचवी चिंता पैशाची. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसरीला देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या अशा रकमेवर मोहल्ल्यातले जे छोटे गट चालत, त्यांची ती वाट बंद झाली. हे सगळे त्याच वर्षी, ज्या वर्षी टाळेबंदीत मारणारा आणि मार खाणारी एका खोलीत कोंडली गेली होती.

इथे आम्हाला समाजातील दात्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. रमजानमध्ये आपल्याकडे जकात निघते आणि ती मदरशांना, यतीमखान्यांना, गरजूंना जाते. ते योग्यच आहे. परंतु जकातीच्या हक्कदारांत फकीर आणि मिस्कीन आहेत, कर्जदार आहे, वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलेली, नवऱ्याच्या नावावरचे काही हाती नसलेली, उद्या कुठे झोपायचे हे माहीत नसलेली आपली बहीण यांपैकी कोणात बसत नाही? आलिमांनी हे मिंबरवरून सांगावे. एका जमातखान्याने आपली एक खोली दिली, तर त्या शहरातील कितीतरी रात्री बदलतील.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील अठरा ते एकोणपन्नास वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसलेली आहे. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी अवघ्या चौदा टक्के कधीतरी मदत मागायला गेल्या. सत्त्याहत्तर टक्के कोणाला काही बोलल्याही नाहीत. यात सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या स्त्रिया आहेत, तेव्हा एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे कारण नाही.

आजवरच्या साऱ्या प्रवासातून आम्हाला दिसते ते एवढेच, की बहुतेक वेळा दार आधी उघडले आणि कायदा त्याच्या मागून आला. १९३९ मध्ये कायदा आधी आला, दार उघडायला कोणी नव्हते, म्हणून तो कपाटात राहिला. १९८० मध्ये काही स्त्रियांनी आपल्या बिऱ्हाडांची दारे उघडली आणि पाव शतकाने संसदेला त्यांच्या मागे यावे लागले. न बोललेल्या त्या सत्त्याहत्तर जणींपैकी काहीजणी आपल्याच गल्लीत राहतात. त्यांच्यासाठी नवा कायदा मागण्याआधी आपल्या जवळच्या केंद्राचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे का, आणि त्या केंद्राचे या महिन्याचे भाडे भरले गेले आहे का, एवढे तरी विचारून घेऊ या.